नेट बंद पडलं? आधी आयपी ॲड्रेस वाचा

गावातल्या सेवा केंद्रात दुपारी लाइन जाते, अर्ध्या तासानं परत येते. राउटरचे दिवे हिरवे होतात, मोबाईलवर व्हॉट्सॲप सुरू होतं, पण काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर पोर्टल उघडत नाही. उघडलंच तर प्रिंटर ऑफलाइन दाखवतो, आणि बाहेर सात-बारा, पीक विम्यासाठी लोक ताटकळत उभे. अशा वेळी सगळं बंद करून चालू करायचं, तेवढ्यानं भागलं नाही तर केबलवाल्याला फोन लावायचा, हाच सगळीकडचा रिवाज. तो तालुक्याहून येईपर्यंत दिवस जातो. त्याआधी दोन मिनिटं काढून त्या कॉम्प्युटरचा आयपी ॲड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा आकडी पत्ता, वाचला, तर बिघाड कॉम्प्युटरमध्ये आहे, राउटरमध्ये आहे की गावाबाहेरच्या फायबरमध्ये, हे बहुतेक वेळा जागेवरच कळतं.

केंद्रचालक, ग्रामपंचायतीचे संगणक परिचालक, शाळेची कॉम्प्युटर खोली सांभाळणारे शिक्षक, जिनिंगच्या वजनकाट्यावर बसणारी मुलं, वावरात कॅमेरा लावलेले शेतकरी, अशा सगळ्यांनी हा आकडा वाचायला शिकावं. त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

आधी आकडा काढा

विंडोजच्या कॉम्प्युटरवर कीबोर्डवरचं विंडोजचं बटण दाबून ठेवा आणि आर दाबा. छोटी चौकट उघडते. तिच्यात सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरं टाकून एंटर मारा. काळी खिडकी उघडली की आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत टाका: आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी, मधे जागा न सोडता. एंटर मारल्यावर बऱ्याच ओळी येतात. त्यातल्या कामाच्या तीन:

आयपीव्ही४ ॲड्रेस : १९२.१६८.१.३७
सबनेट मास्क : २५५.२५५.२५५.०
डिफॉल्ट गेटवे : १९२.१६८.१.१

इथे आकडे देवनागरीत आहेत, कॉम्प्युटरवर मात्र इंग्रजी आकडेच टाकायचे. मधलं चिन्ह साधा टिंब असतं, स्वल्पविराम नाही. काळ्या खिडकीत एकापेक्षा जास्त ठिकाणी माहिती दिसली तर गोंधळू नका. केबलसाठी वेगळा भाग असतो, त्याला इथरनेट म्हणतात, वाय-फायसाठी वेगळा. ज्या भागात 'मीडिया डिसकनेक्टेड' लिहिलेलं असेल तो सोडून द्या. मात्र तुम्ही केबल लावलेली आहे आणि इथरनेटच्या भागातच हे शब्द दिसत आहेत, तर केबल सैल आहे, तुटली आहे किंवा उंदरानं कुरतडली आहे. आयपीचा विचार नंतर, आधी केबल बदला.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज, मग वाय-फाय, आणि जोडलेल्या नेटवर्कच्या नावापुढच्या चाकावर किंवा बाणावर बोट ठेवा, खाली आयपी ॲड्रेस दिसतो. प्रिंटरला छोटा पडदा असेल तर त्याच्या नेटवर्क मेनूत, नसेल तर नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापून मिळतो. ते पान कसं छापायचं ते मॉडेलप्रमाणे बदलतं, प्रिंटरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

हा आकडा म्हणजे काय

नेटवर्कवरून जाणारी प्रत्येक गोष्ट, मग तो फोटो असो वा फॉर्म, लहान-लहान तुकड्यांत जाते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. एक पॅकेट साधारण १५०० बाइटांपर्यंत असतं. प्रत्येक पॅकेटच्या सुरुवातीला दोन आकडे असतात: पाठवणाऱ्याचा आयपी ॲड्रेस आणि घेणाऱ्याचा. वाटेतला प्रत्येक राउटर घेणाऱ्याचा आकडा बघतो आणि पॅकेट पुढच्या राउटरकडे ढकलतो. पूर्ण रस्ता कुणालाच माहीत नसतो, प्रत्येकाला फक्त पुढचा टप्पा माहीत असतो.

आजही सर्वाधिक दिसणारा हा चार भागांचा पत्ता, म्हणजे आयपीव्ही४, १९८१ साली ठरला. त्याचा प्रत्येक भाग ८ बिटांचा, म्हणून ० ते २५५ मधलाच आकडा त्यात बसतो. १९२.१६८.१.३०० असा पत्ता असूच शकत नाही. कुणी कागदावर तसा लिहून दिला तर लिहिण्यातच चूक आहे. चार भाग मिळून ३२ बिट होतात आणि एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६, म्हणजे ४२९ कोटींच्या वर. जगाची लोकसंख्याच ८०० कोटींपुढे गेली आहे, आणि एकेका घरात तीन-चार फोन. तेव्हा हे पत्ते पुरणं शक्यच नव्हतं. पत्ते वाटणाऱ्या जागतिक संस्थेनं, म्हणजे आयानानं, आपल्याकडचे शेवटचे मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून टाकले. खाली राउटर आणि वावरातल्या कॅमेऱ्याच्या ज्या अडचणी येणार आहेत, त्यातल्या बऱ्याच या टंचाईपोटी आलेल्या आहेत.

सबनेट मास्क सांगतो की पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा आणि कोणता यंत्राचा. २५५.२५५.२५५.० असेल तर पहिले तीन भाग नेटवर्कचे, शेवटचा यंत्राचा. शेवटच्या भागात ० आणि २५५ कुणाला देत नाहीत, उरतात २५४. एवढी यंत्रं एका नेटवर्कमध्ये बसतात, म्हणजे गावातल्या कुठल्याही कार्यालयाला हे भरपूर झालं. पहिले तीन भाग सारखे असलेली यंत्रं एकमेकांशी थेट बोलतात. त्याबाहेरच्या कुठल्याही पत्त्याला जायचं तर पॅकेट गेटवेकडे, म्हणजे राउटरकडे दिलं जातं.

यातून एक चांगली खूण मिळते. प्रिंट निघते आहे, शेजारच्या कॉम्प्युटरची फाइल उघडते आहे, पण इंटरनेटच नाही: असं असेल तर गेटवेचा आकडा चुकला आहे का ते पाहा. कुणीतरी हातानं पत्ता भरताना १९२.१६८.१.१ ऐवजी १९२.१६८.०.१ टाकलेलं असतं.

घरातला पत्ता आणि बाहेरचा पत्ता

वरचा १९२.१६८.१.३७ हा पत्ता तुमच्या केंद्रात आहे, तसाच दारव्ह्यातल्या एखाद्या दुकानात आणि सिरोंच्यातल्या एखाद्या शाळेतही असेल. गट नंबर ४५ प्रत्येक गावात असतो, पण गावाचं नाव सांगितल्याशिवाय त्याचा सात-बारा निघत नाही. खासगी आयपीचं तसंच आहे. तो आपल्या चार भिंतींच्या आतच ओळखीचा. खासगी वापरासाठी १९९६ मध्ये तीन पट्टे कायमचे राखून ठेवले गेले: १० नं सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ नं सुरू होणारे. हे पत्ते इंटरनेटवर फिरत नाहीत. १७२.४० दिसला तर तो खासगी नाही, पण त्याला खासगी समजण्याची चूक पुष्कळ जण करतात.

इंटरनेटवर तुमचं केंद्र ज्या पत्त्यानं ओळखलं जातं तो बाहेरचा, म्हणजे पब्लिक आयपी. तो पाहायचा तर ब्राउझरमध्ये 'व्हॉट इज माय आयपी' असं इंग्रजीत शोधा.

आतल्या दहा यंत्रांना बाहेरचा एक पत्ता कसा पुरतो? राउटर हे काम करतो, त्याला नॅट म्हणतात. कॉम्प्युटरचं पॅकेट बाहेर जाताना राउटर त्यावरचा खासगी पत्ता पुसून आपला पत्ता घालतो, त्याला एक पोर्ट नंबर जोडतो आणि 'हा पोर्ट ३७ नंबरच्या यंत्राचा' अशी नोंद ठेवतो. उत्तर त्या पोर्टवर आलं की नोंद पाहून ते बरोबर यंत्राकडे वळवतो. पोर्ट नंबर ६५,५३५ पर्यंत असतात, म्हणून एकाच पत्त्यामागे पुष्कळ यंत्रं मावतात. या नोंदी राउटरच्या तात्पुरत्या मेमरीत असतात. लाइन गेली की पुसल्या जातात. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आणि राउटर साध्या प्लगवर असेल, तर कॉम्प्युटर चालूच राहतो पण मधेच भरत असलेला फॉर्म अडकतो, कधी पोर्टल पुन्हा लॉगिन मागतं. राउटर आणि फायबरची पेटी मिळून वीज फार थोडी खातात. इन्व्हर्टरवर सगळ्यात आधी त्या दोन घ्या, मग कॉम्प्युटर. दिवसातून दोनदा लाइन जाणाऱ्या गावात यापेक्षा स्वस्त सुधारणा नाही.

पब्लिक आयपीवरून जागा दाखवणाऱ्या वेबसाइट आर्णीतल्या माणसाला नागपूर दाखवतात, कधी मुंबईही. त्यात बिघाड काही नाही. तो पत्ता कंपनीच्या नावावर नोंदलेला असतो आणि तुमची पॅकेटं कंपनीच्या ज्या केंद्रातून बाहेर पडतात तिथली जागा दिसते. आयपीवरून कुणाचं घर सापडतं, हा समज चुकीचा आहे. ती माहिती फक्त कंपनीकडे असते, आणि पोलिसांनी रीतसर मागितल्यावर ती दिली जाते.

पत्ता देतो कोण, आणि १६९.२५४ का दिसतो

कॉम्प्युटर चालू झाला की नेटवर्कवर ओरडून विचारतो, 'पत्ता देणारं कुणी आहे का?' राउटर एक पत्ता देऊ करतो, कॉम्प्युटर तो मागतो, राउटर मान्य करतो. या चार निरोपांच्या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. पत्ता कायमचा मिळत नाही. तो ठराविक मुदतीसाठी असतो, बऱ्याच घरगुती राउटरांत २४ तासांसाठी. निम्मी मुदत झाली की कॉम्प्युटर मुदतवाढ मागतो आणि सहसा तोच पत्ता पुढे चालू राहतो.

राउटरनं उत्तरच दिलं नाही तर विंडोज स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता लावून घेतं. काळ्या खिडकीत हा दिसला की याचा अर्थ एकच: 'मी विचारलं, कुणी बोललं नाही.' इंटरनेट कंपनीला फोन करण्यात काही अर्थ नाही, अडचण कॉम्प्युटर आणि राउटर यांच्या मधेच आहे. लाइन आल्यावर तर हे हमखास होतं, कारण कॉम्प्युटर आणि राउटर एकदम चालू होतात. कॉम्प्युटर पटकन उठून पत्ता मागतो, तेव्हा राउटर अजून जागा व्हायचा असतो.

अशा वेळी राउटरचे दिवे स्थिर होईपर्यंत, साधारण दोन मिनिटं, थांबा. मग काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, एक जागा, तिरपी रेघ (/) आणि रिलीज हा इंग्रजी शब्द टाका, एंटर मारा. तसंच पुन्हा रिन्यू टाकून एंटर मारा. पत्ता १९२.१६८ वर आला की झालं. तरीही १६९.२५४ राहिला तर केबल राउटरच्या दुसऱ्या पोर्टला, म्हणजे केबल खोचायच्या दुसऱ्या खाचेला, लावून पाहा. विदर्भात मृगाच्या विजा कडाडतात तेव्हा राउटरचा किंवा नेटवर्क स्विचचा (अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या पेटीचा) एखादा पोर्ट जळतो, बाकीचे चालू राहतात. म्हणून दिवे लागलेले दिसले तरी तेवढ्यावर विसंबू नका. ढग गडगडू लागले की छतावरून किंवा अंगणातून गेलेली नेटवर्कची केबल काढून ठेवा.

०.०.०.० दिसला तर नेटवर्क कार्डाला अजून पत्ताच लागलेला नाही. एक मिनिट थांबून पुन्हा बघा.

दुसरा त्रास याच्या उलट असतो: दोन यंत्रांना एकच पत्ता. राउटर बंद होऊन चालू झाला की कुणाला कोणता पत्ता दिला होता हे बरेच स्वस्त राउटर विसरतात. इन्व्हर्टरवर चालू राहिलेला कॉम्प्युटर ३७ नंबर धरून बसलेला असतो, आणि राउटर तोच नंबर नव्यानं आलेल्या फोनला देऊन टाकतो. मग नेट कधी चालतं, कधी नाही. विंडोजवर आयपी कॉन्फ्लिक्टची सूचना येते. रिलीज आणि रिन्यू केलं की हेही सुटतं.

प्रिंटरला कायमचा पत्ता द्या

'काल प्रिंट निघत होती, आज नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं: काल प्रिंटरचा पत्ता १२ होता, लाइन गेल्यावर तो १५ झाला, आणि कॉम्प्युटर अजून १२ ला पाठवतो आहे. प्रिंटर, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर आणि दुसरा राउटर यांचे पत्ते कधीच बदलू नयेत. फोन आणि लॅपटॉपचे बदलले तरी चालतं.

१. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत गेटवेचा आकडा टाका, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१. राउटरचं पान उघडेल. नाव आणि पासवर्ड राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो. केबलवाल्यानं बदलला असेल तर त्याला विचारून घ्या.

२. लॅन (म्हणजे आतलं नेटवर्क) किंवा डीएचसीपी नावाच्या भागात जा. तिथे सुरुवातीचा आणि शेवटचा पत्ता दिसतो, म्हणजे राउटर या दोघांमधलेच पत्ते वाटतो. सुरुवात १९२.१६८.१.१०० आणि शेवट १९२.१६८.१.१९९ करा. आता २ ते ९९ तुमच्या हातात मोकळे राहिले. आधी दिलेले जुने पत्ते मुदत संपेपर्यंत काही यंत्रांकडे राहतात, म्हणून हा बदल केल्यावर सगळी यंत्रं एकदा बंद करून चालू करा.

३. प्रिंटरसाठी २० नंबर ठरवला, तर आधी तो रिकामा आहे का पाहा. त्यासाठी पिंग करा, म्हणजे त्या पत्त्याला हाक मारून बघा: काळ्या खिडकीत पिंग हा इंग्रजी शब्द (पी, आय, एन, जी), जागा, आणि १९२.१६८.१.२० टाका. कुणी उत्तर दिलं तर दुसरा नंबर घ्या. बंद असलेलं यंत्रही उत्तर देत नाही, म्हणून तपासताना सगळी यंत्रं चालू असू द्या.

४. प्रिंटरच्या नेटवर्क मेनूत आपोआप ऐवजी मॅन्युअल निवडा. आयपी १९२.१६८.१.२०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१ भरा. प्रिंटर बंद करून चालू करा आणि पुन्हा पिंग करून खात्री करा.

५. आता विंडोजमध्ये. कंट्रोल पॅनेलमधून प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पोर्ट्स या पानावर बघा. तिथे डब्ल्यूएसडी नावाचा पोर्ट निवडलेला असेल तर तो सोडा, ॲड पोर्ट म्हणून स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्ट निवडा आणि १९२.१६८.१.२० भरा. बरेच जण चौथ्या पायरीवर थांबतात, आणि मग 'कायमचा आयपी दिला तरी प्रिंटर ऑफलाइनच' म्हणतात.

यापेक्षा जरा नीटनेटका दुसरा मार्ग म्हणजे राउटरमधलंच रिझर्व्हेशन. प्रत्येक नेटवर्क कार्डाला बारा अंक-अक्षरांचा मॅक ॲड्रेस असतो. राउटरमध्ये 'या मॅकला नेहमी २० नंबर दे' असं लिहून ठेवायचं आणि प्रिंटर आपोआपवरच ठेवायचा. काही राउटर यासाठी वाटपाच्या पट्ट्यातलाच नंबर मागतात, तसं असेल तर १२० घ्या आणि पाचव्या पायरीतही तोच भरा. राउटर बदलला की रिझर्व्हेशन जातं, हे मात्र लक्षात ठेवा. फोन आणि टॅबच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: नवे अँड्रॉइड आणि आयफोन वाय-फायवर खऱ्या मॅकऐवजी बनवलेला मॅक दाखवतात, म्हणून खोक्यावर छापलेला मॅक उपयोगी पडत नाही. तो राउटरच्या जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून घ्या.

ठरवलेले सगळे नंबर एका कागदावर लिहून राउटरच्या मागे भिंतीला चिकटवा. केंद्रातला मुलगा बदलला तरी कागद तिथेच राहतो.

दुसरा राउटर जोडताना

शाळेच्या मागच्या वर्गात किंवा जिनिंगच्या काट्यावर वाय-फाय पोचत नाही म्हणून घरातला जुना राउटर आणून लावतात. नेट चालू होतं, पण काट्यावरच्या कॉम्प्युटरला ऑफिसचा प्रिंटर दिसत नाही. कारण दुसऱ्या राउटरनं आपलं वेगळं नेटवर्क तयार केलेलं असतं. दोन्ही राउटरांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर नेटसुद्धा चालत नाही.

बरोबर क्रम असा. दुसरा राउटर मुख्य राउटरला न जोडता फक्त एका कॉम्प्युटरला जोडा. त्याच्या पानावर जाऊन त्याचा स्वतःचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि सेव्ह करा. पान बंद पडेल, आता नव्या पत्त्यानं पुन्हा उघडा. मग त्याचा डीएचसीपी बंद करा. शेवटी मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमधून आलेली केबल दुसऱ्याच्या लॅन पोर्टला लावा. वेगळ्या रंगाचा वॅन पोर्ट, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटसाठीचा, रिकामा राहू द्या. डीएचसीपी आधी बंद केला तर कॉम्प्युटरला पत्ता मिळत नाही आणि राउटरचं पान उघडणं अवघड होतं, म्हणून पत्ता आधी, डीएचसीपी नंतर. नव्या राउटरांत ॲक्सेस पॉइंट नावाचा पर्याय असेल तर तो निवडा, हे सगळं तो स्वतः करतो.

डीएचसीपी बंद करायचं राहिलं तर दोन राउटर एकाच नेटवर्कमध्ये पत्ते वाटू लागतात. कुणाला एकाचा गेटवे मिळतो, कुणाला दुसऱ्याचा, आणि निम्म्या यंत्रांवर नेट नसतं. हा बिघाड शोधायला फार वेळ जातो, कारण तो रोज वेगळ्या यंत्रावर दिसतो. आयपीकॉन्फिगमध्ये डिफॉल्ट गेटवे १९२.१६८.१.२ दिसला की चोर सापडला.

बिघाड कुठे आहे: तीन पिंग

पहिला पिंग गेटवेला, १९२.१६८.१.१. उत्तर असं येतं: रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.१, बाइट्स ३२, टाइम १ मिलिसेकंदाहून कमी, टीटीएल ६४. केबलवर वेळ एक-दोन मिलिसेकंद, वाय-फायवर थोडा जास्त. इथे उत्तर नाही तर बिघाड तुमच्याच खोलीत.

दुसरा पिंग ८.८.८.८ ला. हा गुगलचा पत्ता आहे आणि तो सहसा उत्तर देतो. गेटवे बोलतो पण हा बोलत नाही, तर राउटरच्या पलीकडे काहीतरी तुटलं आहे. फायबरच्या पेटीवर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला आहे का बघा. रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडलं की हाच दिवा लागतो. घरातला १९२.१६८ चा पत्ता मात्र तसाच राहतो, वाय-फायचे दांडेही पूर्ण दिसतात, कारण ते फक्त तुमच्या आणि राउटरच्या मधलं सांगतात.

तिसरा पिंग नावाला, एखाद्या मोठ्या वेबसाइटचं नाव टाकून. आकड्याला उत्तर मिळतं पण नाव टाकल्यावर 'होस्ट सापडला नाही' असं येतं, तर डीएनएस बिघडलं आहे, म्हणजे नावावरून आयपी शोधून देणारी सेवा. कॉम्प्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा, काम चालू होईल.

एका उत्तरानं मात्र जाणकारही फसतात. 'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.३७, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल.' रिप्लाय हा शब्द आहे, खाली पॅकेट हरवलं शून्य टक्के असंही छापून येतं, पण ३७ हा तुमचाच नंबर आहे. तुमचाच कॉम्प्युटर तुम्हाला सांगतो आहे की समोरचं यंत्र सापडलं नाही. उत्तर कुणाच्या पत्त्यावरून आलं ते आधी वाचा.

वावरातला कॅमेरा बाहेरून का दिसत नाही

वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत, कुठे सोलर पंपाजवळ, सिमकार्डाच्या राउटरवर कॅमेरा लावतात. वावरात उभं राहून तो फोनवर दिसतो, घरून दिसत नाही. कुणीतरी पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो, म्हणजे बाहेरून अमुक पोर्टवर आलेलं पॅकेट कॅमेऱ्याकडे पाठवायला राउटरला सांगतो. तरीही काही होत नाही.

कारण तपासायला सोपं आहे. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा आणि त्याच राउटरच्या वाय-फायवरून 'व्हॉट इज माय आयपी' चा आकडा बघा. दोन्ही सारखे असतील तर पब्लिक पत्ता खरोखर तुमच्या राउटरवर आहे. वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, किंवा १० नं सुरू होत असेल, तर कंपनीनं तिच्याकडेच आणखी एक नॅट लावला आहे. एका पब्लिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवले आहेत. १००.६४ चा पट्टा २०१२ मध्ये खास यासाठीच राखला गेला. बाहेरून येणारं पॅकेट कंपनीच्या नॅटपाशीच थांबतं, तुमच्या राउटरमध्ये कितीही सेटिंग केलं तरी ते तिथवर पोचतच नाही. मोबाईल सिमवर जवळजवळ नेहमी असंच असतं.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, कॅमेऱ्याच्या कंपनीचं क्लाउड ॲप: कॅमेऱ्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की कॅमेरा स्वतःच बाहेर जाऊन कंपनीच्या सर्व्हरशी जोडून राहतो आणि तुमचा फोन त्याच सर्व्हरमार्फत त्याला भेटतो. आतून बाहेर जाणाऱ्या जोडणीला नॅट अडवत नाही. दुसरा उपाय, फायबर असेल तर कंपनीकडून स्टॅटिक पब्लिक आयपी घेणं. त्याचे वेगळे पैसे पडतात. एका बागेच्या एका कॅमेऱ्यासाठी पहिला उपाय पुरेसा आहे.

स्टॅटिक आयपी घेतलाच तर कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. पब्लिक पत्त्यावर उघडं राहिलेलं यंत्र जगातून कुणीही ठोठावू शकतं. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं असेच मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येनं ताब्यात घेऊन अमेरिकेतल्या मोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या.

लांबलचक आकडा दिसला तर

फोनवर २४०९ किंवा २४०१ नं सुरू होणारा, मधे विसर्ग-टिंबांसारखी दोन टिंबं आणि ए ते एफ अक्षरं असलेला पत्ता दिसला तर तो आयपीव्ही६. तो १२८ बिटांचा असतो, पत्ते संपण्याचा प्रश्नच येत नाही. भारतातल्या मोठ्या मोबाईल कंपन्या तो सर्रास देतात. दोन्ही प्रकारचे पत्ते एकाच यंत्रावर एकदम असतात, त्यात बिघाड नाही. एफई८० नं सुरू होणारा मात्र फक्त घरातल्या नेटवर्कपुरता असतो, तो दिसला म्हणजे इंटरनेट आलं असं नाही.

वाय-फाय वाटताना

केंद्राचा वाय-फाय पासवर्ड गावात फिरला की बाहेरच्या जगाला सगळ्यांचा पब्लिक आयपी तुमचाच दिसतो. त्यावरून कुणी फसवणूक केली तर पोलिसांची पहिली चौकशी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडे येते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे इंटरनेट कंपन्यांना १८० दिवसांच्या नोंदी देशात ठेवाव्या लागतात. म्हणून ग्राहकांसाठी राउटरमधलं गेस्ट नेटवर्क चालू करा, त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा आणि महिन्याला बदला. बऱ्याच राउटरांत गेस्ट नेटवर्कवरच्या फोनला तुमचा प्रिंटर आणि कॉम्प्युटर दिसत नाही. दिसत असेल तर सेटिंगमध्ये लोकल नेटवर्कला परवानगी देणारी खूण काढून टाका. स्वतःचीच फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, आणि तक्रारीत तारीख, मिनिटापर्यंतची वेळ, दिसलेला आयपी आणि पोर्ट नंबर असेल तर तोही लिहा. एका पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसलेले असताना वेळ आणि पोर्टशिवाय त्यातला एक शोधता येत नाही.

आणि केबलवाल्याला फोन करायचाच असेल तर 'नेट बंद आहे' एवढंच सांगू नका. आयपीव्ही४ चा आकडा, गेटवेचा आकडा, गेटवे आणि ८.८.८.८ यांच्यापैकी कुणी उत्तर दिलं, आणि एलओएसचा दिवा लाल आहे की नाही, हे त्याला सांगा. म्हणजे येताना फायबर जोडायचं यंत्र आणायचं की नुसता नवा राउटर, हे त्याला निघण्याआधीच ठरवता येतं.